विक्रम दहा, तरी अंतिम फेरीची धास्ती: अविनाश साबळेच्या शर्यतींचा प्रकरण अभ्यास

नावाबद्दल आधी दोन शब्द

प्रकरण अभ्यासात माणसाचे नाव झाकायची रीत आहे. इथे ती पाळण्यात अर्थ नाही. ३,००० मीटर स्टीपलचेसचा (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचा) राष्ट्रीय विक्रम एकट्याने दहा वेळा मोडणारा, बीड जिल्ह्यातला, सैन्यातला धावपटू एवढे म्हटले की मराठी वाचक नाव सांगून मोकळा होतो. म्हणून अविनाश साबळेचे नाव उघड ठेवले आहे. त्याच्या आजूबाजूच्या माणसांची नावे मात्र जिथे अडेल तिथेच घेतली आहेत. निकाल आणि टायमिंग जाहीर नोंदींतले आहेत, त्यांवरची मते माझी.

पल्ल्याच्या हिशेबात स्टीपलचेस मध्यम आणि लांब यांच्या सीमेवर बसते. पण शेवटच्या लॅपला जी मारामारी होते ती अस्सल मध्यम पल्ल्याची असते, आणि हे प्रकरण नेमके त्या लॅपचेच आहे.

पार्श्वभूमी

जन्म १३ सप्टेंबर १९९४, गाव मांडवा, तालुका आष्टी. शाळा सहा किलोमीटरवर आणि एसटी नाही, म्हणून पोरगा पळत शाळेत जायचा, ही गोष्ट त्याच्यावरच्या प्रत्येक बातमीत असते. ती खोटी नाही, पण तिच्यावर फार भार टाकला जातो. मराठवाड्यातली हजारो मुले तेवढी पायपीट करत शिकली आणि त्यांतली कोणी ऑलिम्पिकला गेली नाहीत. अविनाशचे धावणे खऱ्या अर्थाने सुरू झाले ते बारावीनंतर ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर, आणि तेही लगेच नाही. आधी सियाचीन, मग राजस्थानचे वाळवंट, मग सिक्कीम. २०१५ मध्ये तो सैन्याच्या क्रॉस कंट्री शर्यतींत उतरला. सैन्यातलेच प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळवले.

म्हणजे ज्या प्रकारात त्याने नाव कमावले, त्याची ओळख त्याला वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी झाली. याचे वजन समजायला एकच तुलना पुरे. केनियाचा कॉन्सेस्लस किप्रुटो त्याच वर्षीचा, डिसेंबर १९९४ चा. तो २०११ मध्ये युवा गटाचा आणि २०१२ मध्ये ज्युनियर गटाचा जगज्जेता झाला आणि २०१६ मध्ये रिओला ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन गेला. अविनाशने पहिली पाणउडी मारली तेव्हा त्याच्याच वयाचा माणूस या प्रकारात जिंकण्यासारखे जवळजवळ सगळे जिंकून बसला होता.

ज्यांनी ही शर्यत कधी नीट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलात. एकूण २८ अडथळे आणि सात पाणउड्या. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. हर्डल्सच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला की आडवा होतो. इथला लाकडी अडथळा जड आणि भक्कम असतो, तो हलत नाही, पळणारा आडवा होतो. पंधरा जणांच्या घोळक्यात मधोमध असलेल्या धावपटूला समोर फक्त पाठी दिसतात. समोरची पाठ अचानक वर गेली की त्याला कळते, अडथळा आला. मग ऐनवेळी पाऊल आखडायचे किंवा लांबवायचे, शेजाऱ्याचे कोपर चुकवायचे आणि उतरल्यावर पुन्हा लय पकडायची. असे पस्तीस वेळा. जो सर्वांत पुढे असतो त्याला मात्र अडथळा वीस मीटरवरून दिसतो आणि पावले आपोआप जुळतात. त्याची किंमत तो वाऱ्याला तोंड देऊन आणि मागच्यांचा पेसर, म्हणजे त्यांच्यासाठी गती लावून देणारा, बनून मोजतो. पुढे येणारा प्रत्येक निर्णय या देवघेवीभोवती फिरतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ चा टोकियोतला ८:३०.८८ हा विक्रम मोडला. सदतीस वर्षे तो विक्रम टिकला होता. त्याआधी काही आठवडे झालेल्या जकार्ताच्या आशियाई खेळांना अविनाश घोट्याच्या दुखापतीमुळे मुकला होता. पुढच्या सहा वर्षांत तो आकडा त्याने ८:०९.९१ वर आणला.

अडचण

आता दोन आकडे शेजारी ठेवू. १८ जुलै २०२२, अमेरिकेतले यूजीन, जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी: अविनाश अकरावा, वेळ ८:३१.७५. त्यानंतर १९ दिवसांनी, ६ ऑगस्टला, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत: अविनाश दुसरा, वेळ ८:११.२०. माणूस तोच, तयारी तीच, फरक साडेवीस सेकंदांचा.

यूजीनची ती शर्यत जागतिक स्पर्धेच्या इतिहासातली सर्वांत संथ अंतिम फेरी ठरली. (त्याच शर्यतीत एक कॅमेरामन बेफिकीरपणे ट्रॅकवर उभा राहिला होता आणि धावपटूंचा जथा त्याला वळसा घालून गेला. शर्यत किती रेंगाळली होती ते तेवढ्यावरूनही कळते.) मोरोक्कोच्या सूफियान एल बक्कालीने ती ८:२५.१३ मध्ये जिंकली. जेमतेम दीड महिन्यापूर्वी अविनाश रबातच्या डायमंड लीगमध्ये (जगातल्या अव्वल धावपटूंच्या स्पर्धामालिकेत) ८:१२.४८ धावला होता, म्हणजे जगज्जेत्याच्या त्या दिवशीच्या वेळेपेक्षा बारा सेकंदांहून अधिक वेगाने. तरी अकरावा. कारण जगज्जेतेपदाचा निकाल घड्याळाने लागला नव्हता. सगळे एकमेकांकडे बघत बसले आणि शेवटच्या लॅपला ज्यांच्याकडे किक, म्हणजे अखेरचा वेगाचा झटका, होती ते निघून गेले.

ही पहिली वेळ नव्हती. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) दुसऱ्याच्या पडण्यामुळे त्याची वाट अडली. भारतीय संघाने तक्रार केली, ती मान्य झाली, म्हणून तो अंतिम फेरीत पोहोचला आणि तिथे ८:२१.३७ धावून तेरावा आला. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हीटमध्ये ८:१८.१२ असा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही तो सातवा राहिला आणि बाहेर पडला. तिसरी हीट संथ झाल्याने त्याच्यापेक्षा हळू धावलेले तिथून थेट पुढे गेले.

आपल्याकडे अशा वेळी ‘नशीब’ म्हणून विषय मिटवतात. मला ते पटत नाही. एकदा झाले तर नशीब. चार वर्षांत तीनदा झाले तर त्यामागे कारण शोधावे लागते.

कारण निकालांच्या यादीतच आहे. त्याचे दहा विक्रम घ्या आणि ते कुठे झाले ते बघा. चार भारतात झाले: भुवनेश्वर, पतियाळा दोनदा, तिरुवनंतपुरम. सहा परदेशात: दोह्यात एकाच स्पर्धेत दोन, मग टोकियो, रबात, बर्मिंगहॅम, पॅरिस. सैनींच्या विक्रमापासून आजवर एकूण २०.९७ सेकंद कमी झाले. त्यांतले भारतातल्या चार शर्यतींत पाच सेकंद, परदेशातल्या सहा शर्यतींत जवळजवळ सोळा. घरी तो एकटाच पळत होता. बंदूक वाजली की पुढे जायचे, दोन-तीन लॅपनंतर मागे कोणी उरत नाही, मग साडेआठ मिनिटे घड्याळाशी झटापट. अशा शर्यतीत लय पक्की होते आणि दम वाढतो. घोळक्यात कोपर कसे वापरायचे, आतल्या लेनमध्ये कोंडले गेलो तर बाहेर कसे पडायचे, शेवटच्या तीनशे मीटरला कोण हलणार हे आधी कसे ओळखायचे, यांतले काही तिथे शिकता येत नाही.

कोणते पर्याय समोर होते

टोकियोनंतर बाहेरून पाहणाऱ्यालाही चार रस्ते दिसत होते.

पहिला, किक सुधारणे. म्हणजे पॅकमध्ये राहायचे, दम राखायचा आणि शेवटच्या लॅपसाठी वेग तयार करायचा. जगातले बहुतेक विजेते असेच जिंकतात. पण अविनाशची घडण वेगळी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. ज्याला २१ किलोमीटर त्या गतीने ओढता येतात त्याची खरी ताकद न थकण्यात असते. शेवटच्या दोनशे मीटरचा झटका हा वेगळ्या स्नायूंचा आणि वेगळ्या सरावाचा मामला, आणि तो साधारणपणे लहान वयात रुजतो.

दुसरा, पुढून धावणे. शर्यत पहिल्यापासून इतकी वेगवान करायची की किकवाल्यांचे पाय शेवटच्या लॅपपर्यंत जड व्हावेत. अडथळाही समोर स्वच्छ दिसतो. धोका उघड आहे. केनिया, इथिओपिया आणि मोरोक्कोच्या माणसांना ८:१० ची गती जड जात नाही. त्यांच्यासाठी आपण फुकटचे पेसर ठरतो.

तिसरा, मुक्काम हलवणे. तगड्या माणसांसोबत सराव, उंचीवर राहणे आणि डायमंड लीगमध्ये हरत हरत शिकणे.

चौथा, पल्ला बदलणे. हा कोणी फारसा बोलून दाखवला नाही, पण तो होता. मे २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात त्याने ५,००० मीटर १३:२५.६५ मध्ये पळून बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा विक्रम मोडला आणि वर्षभरात तो १३:१९.३० वर नेला. मात्र सपाट ५,००० मध्ये जागतिक पातळी तेरा मिनिटांच्या आतली आहे आणि तिथे स्पर्धकांची रांग लांबच लांब. स्टीपलचेसमध्ये अडथळ्यांमुळे गर्दी थोडी कमी होते. मुख्य शर्यत स्टीपलचेस ठेवून ५,००० जोडीला घेणे हाच व्यवहार्य निर्णय होता आणि त्याने तोच घेतला.

निर्णय आणि कृती

पहिला मोठा निर्णय मुक्कामाचा. प्रशिक्षक बदलण्याचा अनुभव त्याला होता. मध्यंतरी तो राष्ट्रीय शिबिरातल्या एका परदेशी प्रशिक्षकाकडे गेला होता, तिथे सूर जुळले नाहीत आणि तो परत अमरीश कुमार यांच्याकडे आला. ती माघार मला महत्त्वाची वाटते. शिबिर सोडून जुन्या माणसाकडे परतणे आपल्या व्यवस्थेत सोपे नसते. आणि टोकियोपर्यंतची बहुतेक सुधारणा त्या जुन्या जोडीचीच आहे. पुढे तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला स्कॉट सिमन्स यांच्याकडे सरावाला गेला. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंची, आणि सरावाला असे सोबती की घरच्यासारखे कोणी सहज मागे पडत नाही. २०२२ चा हंगाम या बदलाचे फळ मानायला हरकत नाही. जूनमध्ये रबातला ८:१२.४८.

दुसरा निर्णय यूजीनच्या ट्रॅकवर, आठ मिनिटांच्या आत घ्यायचा होता. शर्यत रेंगाळते आहे हे पहिल्या किलोमीटरला सगळ्यांनाच कळले होते. अविनाशपुढे दोन वाटा होत्या: घोळक्यात थांबणे किंवा पुढे जाऊन गती चढवणे. तो थांबला. वरवर हा शहाणपणाचा निर्णय वाटतो, कारण दम शिल्लक राहतो. पण ज्याच्याकडे किक नाही त्याने राखलेला दम शेवटी वापरलाच जात नाही. संथ शर्यत ही त्याच्यासाठी आधीच हरलेली शर्यत होती. मधल्या किलोमीटरला तो पुढे गेला असता तर कदाचित तरीही आठवा-नववाच आला असता, पण आपल्या ताकदीवर हरला असता.

तिसरा निर्णय बर्मिंगहॅमचा, आणि तो जरा तपशिलात पाहण्यासारखा आहे. १९९८ पासून सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. याही वेळी तीन केनियन होते, त्यांत तो समवयस्क किप्रुटोही. जागतिक स्पर्धेपेक्षा इथे धावपटू कमी, घोळका नाही, म्हणजे अडथळा दिसण्याची चिंता नाही. केनियनांनी गती चढवली आणि अविनाश चौथ्या जागी त्यांच्या मागे चिकटून राहिला. इथे तो पुढेही गेला नाही आणि संथ घोळक्यातही अडकला नाही. कोणीतरी दुसऱ्याने चालवलेल्या वेगवान शर्यतीत तो प्रवासी होता. त्याच्या घडणीच्या धावपटूला याहून चांगली मांडणी मिळत नाही. किप्रुटो मागे पडला, शेवटच्या लॅपमध्ये आमोस सेरेमलाही अविनाशने मागे टाकले आणि अब्राहम किबीवोटच्या खांद्यापर्यंत पोहोचला. किबीवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंद.

यूजीनमध्ये त्याची सरासरी किलोमीटरला जवळजवळ २:५१ होती, बर्मिंगहॅममध्ये २:४४ च्या आत. जी शर्यत किलोमीटरला सात सेकंदांनी कठीण होती, ती त्याला सोपी गेली. हे उलटे वाटते, पण याच उलटेपणात त्याच्या कारकिर्दीचे गणित आहे.

चौथा निर्णय २०२३ च्या उन्हाळ्यातला. जुलैमध्ये बँकॉकला आशियाई अजिंक्यपद होते. तिथे पदकाची चांगली संधी असताना तो गेला नाही. त्याऐवजी पोलंडमधली सायलेशियाची डायमंड लीग धावला, ८:११.६३ ची वेळ देऊन सहावा आला आणि पॅरिस ऑलिम्पिकची ८:१५.०० ही पात्रता वर्षभर आधीच खिशात टाकली. कागदावर हा निर्णय बरोबर होता. पण पाच आठवड्यांनी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो हीटमध्ये ८:२२.२४ वेळेने सातवा आला आणि बाहेर पडला.

बुडापेस्टमध्ये नियमही बदलला होता. पूर्वी हीटमधले पहिले काही थेट आणि उरलेल्या जागा टायमिंगवर, अशी पद्धत होती. आता टायमिंगचा दरवाजाच बंद झाला, प्रत्येक हीटमधून फक्त पहिले पाच. घड्याळाशी झगडणाऱ्या धावपटूची शेवटची ढाल या नियमाने काढून घेतली. ८:११ धावणारा माणूस ८:२२ ला बाहेर पडतो याचा अर्थ त्याची तयारी कमी पडली असा सरळ लावता येत नाही. पहिल्या पाचात यायला त्या दिवशी वेगळेच कौशल्य लागत होते.

पाचवा निर्णय हांगझोच्या आशियाई खेळांचा आणि हा सर्वांत सोपा. आशियात त्याच्या गतीला उत्तर देणारा कोणी नव्हता, म्हणून तो पहिल्यापासून पुढे निघाला आणि मागे कोणाला येऊच दिले नाही. १ ऑक्टोबर २०२३, ८:१९.५०, आशियाई खेळांचा विक्रम आणि या शर्यतीत भारतीय पुरुषाचे पहिले सुवर्ण. तीन दिवसांनी ५,००० मध्ये १३:२१.०९ धावून रौप्य.

पॅरिस

२०२४ मध्ये त्याने शर्यती मोजक्याच घेतल्या. ७ जुलैला पॅरिस डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, दहावा विक्रम, आणि तरी जागा सहावी. जिंकणारे ८:०२ च्या घरात होते. पातळी कुठे जाऊन पोहोचली आहे ते या एका निकालावरून कळावे.

ऑलिम्पिकच्या हीटला प्रश्न तोच होता, पहिल्या पाचात येणे. या वेळी त्याने वाट बघितली नाही. सुरुवातीलाच पुढे गेला, शर्यत वेगात ठेवली आणि मग वेगवान माणसांना पुढे जाऊ देत पाचवी जागा धरून ठेवली. वेळ ८:१५.४३. बुडापेस्टमधल्यासारखी ८:२२ ची हीट त्याने होऊच दिली नाही. ऑलिम्पिक स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. महिलांत हे काम आठ वर्षांपूर्वी साताऱ्याच्या ललिता बाबरने रिओत केले होते आणि ती दहावी आली होती. बीड आणि सातारा, दोन्ही दुष्काळी पट्ट्यांतले. यावरून मराठी वर्तमानपत्रांना बरेच अग्रलेख सुचले.

अंतिम फेरीतही त्याने आघाडीने सुरुवात केली. पण तिथे वेग त्याच्या हातात राहिला नाही. एल बक्काली ८:०६.०५, अमेरिकेचा केनेथ रूक्स ८:०६.४१, किबीवोट ८:०६.४७. अविनाश ८:१४.१८, जागा अकरावी.

इथे माझ्याच मांडणीला अडचण येते, ती लपवत नाही. यूजीनची शर्यत अतिसंथ, तिथे अकरावा. पॅरिसची वेगवान, तिथेही अकरावा. मग ‘संथ शर्यतीने घात केला’ हे म्हणणे कितपत खरे? माझ्या मते दोन्ही अकरा वेगवेगळे आहेत. यूजीनला त्याच्याजवळ असलेला वेग वापरला गेला नाही. पॅरिसला वापरला गेला आणि तो कमी पडला. त्याच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा कांस्यपदक साडेतीन सेकंद पुढे होते. पहिल्या अकराव्या जागेवर उपाय डावपेचांत होता, दुसऱ्यावर फक्त अधिक वेगात.

वेगळे काय करता आले असते

घरच्या शर्यतींपासून सुरुवात करतो, कारण तिथे खर्च कमी आणि फायदा जास्त. राष्ट्रीय स्पर्धेत नाही, तर इंडियन ग्रांप्रीसारख्या स्पर्धेत पेसर लावणे अवघड नव्हते. दोन चांगले १,५०० चे धावपटू पहिले दोन किलोमीटर ठरलेल्या गतीने ओढतील आणि अविनाश मागे राहून अडथळे घेईल. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे सरावात मुद्दाम घोळका करणे. आठ-दहा जवान एकाच अडथळ्यावर सोडायचे, त्याला मधोमध ठेवायचे. सैन्याकडे पळणारी माणसे कमी नाहीत.

किकबद्दल मी थोडा कठोर आहे. त्याच्या मोठ्या निकालांत ५,००० आहे, अर्धमॅरेथॉन आहे, पण १,५०० चा पल्ला जवळजवळ दिसत नाही. ज्याची उणीव शेवटच्या लॅपमध्ये आहे त्याने २१ किलोमीटरचा विक्रम करून आधीच भक्कम असलेली बाजू आणखी भक्कम केली. २०२० मध्ये महामारीमुळे ट्रॅकच्या स्पर्धाच नव्हत्या, त्यामुळे दिल्लीच्या त्या शर्यतीला दोष देता येणार नाही. पण नंतरच्या हंगामांत दरवर्षी तीन-चार १,५०० च्या शर्यती, त्याही अशा जिथे तो हरेल, घ्यायला हव्या होत्या. विक्रमवीराला अशा शर्यतीत सातवा आलेला पाहणे आपल्याकडे कोणाला चालत नाही, हाही एक भाग आहे. महासंघाला, प्रायोजकाला, माध्यमांना प्रत्येक वेळी नवा आकडा हवा असतो.

बुडापेस्टआधीच्या सायलेशियाबाबत मी उलट मताचा आहे. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही. पात्रता आधी मिळाल्यामुळेच २०२४ मध्ये त्याला शर्यती मोजक्या ठेवता आल्या. चूक शोधायचीच असेल तर ती नव्या नियमाची तयारी न करण्यात शोधावी. पहिल्या पाचाचा नियम माहीत होता, तरी हीट कशी चालवायची याचे उत्तर पॅरिसमध्ये सापडले, एक वर्ष उशिरा.

आणि वयाचा मुद्दा. मांडव्याच्या पोराने विशीआधी पाणउडीचा खड्डा पाहिला असण्याची शक्यता कमीच. तो सापडला तो भरतीच्या रांगेतून, म्हणजे खेळाडू शोधण्याच्या कुठल्याही योजनेतून नव्हे. क्रॉस कंट्रीत चमकणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना वर्षातून एकदा जरी अडथळ्यांवर पळवून पाहिले तरी पुढचा साबळे पाच-सहा वर्षे आधी हाती लागेल.

सध्याची स्थिती

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमीला त्याने ८:२०.९२ धावून आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्ण मिळवले. दोन वर्षांपूर्वी बँकॉकला सोडलेले पदक असे वसूल झाले. सहा आठवड्यांनी, ११ जुलैला, मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये तो पाणउडीवर पडला. गुडघ्याचा लिगामेंट आणि मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी), दोन्हींना इजा, शस्त्रक्रिया, आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली. त्याच महिन्यात त्याने वयाची एकतीस वर्षे पूर्ण केली.

पुढचा निर्णय आधीच्या सगळ्यांपेक्षा अवघड आहे. पाणउडीत उतरताना अंगाचा सगळा भार एका पायावर, वाकलेल्या गुडघ्यावर, ओल्या उतारावर येतो. लिगामेंट दुरुस्त झालेल्या माणसाने तो भार पहिल्या दिवसापासून घ्यावा असे कोणताही फिजिओ सांगणार नाही. ५,००० कडे कायमचे वळणे हा सुरक्षित रस्ता, पण तिथे तो आशियापुरताच मोठा राहील. माझे मत विचाराल तर पुनरागमनाचा पहिला हंगाम पूर्ण सपाट पल्ल्यांचा असावा, १,५०० आणि ३,०००, पाणी आणि अडथळे नाहीत, विक्रमाची भाषा नाही. गुडघ्याला वेळ मिळेल, आणि जी किक सात-आठ वर्षे मागे पडत राहिली तिच्यावरही काम होईल. अडथळे दुसऱ्या हंगामात, तेही आधी सुके.